छात्रालय, बोर्डिंग, वसतिगृह : मराठी गद्यातील पालकत्वाचा प्रश्न

चेन्नईतील एग्मोर भागात पँथिऑन रस्त्यावर कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे. १८९६ साली खुले झालेले हे ग्रंथालय देशातील चार संग्राहक ग्रंथालयांपैकी एक होय. १९५४ च्या कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांची प्रत तेथे धाडणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. म्हणजे संगमनेरच्या बोर्डिंगात वाढलेल्या एका मुलाचे आत्मकथन, किंवा पुण्याच्या वसतिगृहात बापाचे पैसे उधळणाऱ्या एका खानदेशी तरुणाची कादंबरी, यांनाही तमिळ भूमीवर कायद्याने दिलेली जागा आहे. मात्र ग्रंथालयीन वर्गीकरणात ही पुस्तके शेजारी येत नाहीत. एक चरित्रात जाते, दुसरे कादंबरीत, तिसरे शिक्षणशास्त्रात. दोष ग्रंथपालांचा नव्हे. मराठी समीक्षेने खेडे पाहिले, वाडा पाहिला, चाळ पाहिली, तुरुंगातील लेखनाचीही दखल घेतली. परंतु आईबापांपासून दूर, परक्या माणसाच्या देखरेखीखाली, पन्नास मुले एका छपराखाली वाढतात त्या जागेने मराठी गद्याला काय दिले, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला.

या जागेला मराठीत तीन नावे आहेत आणि तिन्हींचा ध्वनी वेगळा आहे. 'छात्रालय' या शब्दात छत्र आहे, सावली आहे. गुरूच्या आश्रयाची जुनी संस्कृत कल्पना त्यामागे उभी आहे. 'बोर्डिंग' हा शब्द इंग्रजीतून आला, पण मराठी खेड्याने तो त्याच्या मूळ अर्थासकट उचलला. पोरगा 'बोर्डिंगात' आहे याचा अर्थ त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय झाली आहे. 'वसतिगृह' हा सरकारी शब्द. त्यात सावली नाही आणि भाकरीही नाही, केवळ राहण्याची जागा आहे. मराठी गद्यात या तिन्ही शब्दांचे लेखन झाले, आणि एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजल्यामुळे पुष्कळ गैरसमजही झाले.

छात्रालय येण्यापूर्वीची व्यवस्था म्हणजे माधुकरी आणि वार. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घ्यावे, किंवा झोळी घेऊन पाच दारे फिरावी, ही रीत एकोणिसाव्या शतकातील अनेक थोरांच्या चरित्रांत गौरवाने नोंदलेली आढळते. त्या गौरवात एक गोष्ट सहसा गृहीत धरलेली असते. दार उघडले जाणार हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक असे. ज्याच्यासाठी दार उघडलेच जाणार नव्हते त्याला माधुकरीचा मार्ग नव्हता, आणि म्हणून शाळेचाही नव्हता. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुसलमान आणि पुढे १९०८ मध्ये मिस क्लार्क यांच्या नावाने अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी जी वसतिगृहे उभी करविली, त्यांचा हा कार्यकारणभाव आहे. जातवार बोर्डिंगे काढण्यात जातिभेद टिकविण्याचा धोका होताच. जैन बोर्डिंगात राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आले, परत आल्यावर स्नान करावयास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पालकत्वाच्या पोटात अट असते, ही जाणीव मराठी शिक्षणाच्या इतिहासात इतक्या उघडपणे फार थोड्या प्रसंगांनी दिली असेल.

साने गुरुजींचे विद्यार्थिजीवन या दोन व्यवस्थांच्या सीमेवर गेले. पालगडच्या खोताच्या घराण्यातील, पण घर बुडालेला हा मुलगा दापोली, औंध, पुणे असा शिक्षणासाठी फिरला. औंधचे दिवस त्याने स्वतः रांधून आणि कित्येकदा अर्धपोटी काढले. 'श्याम' आणि 'धडपडणारा श्याम' या पुस्तकांतून ते दिवस येतात. वाचकांनी या पुस्तकांना 'श्यामची आई'च्या छायेत ठेवले. वास्तविक परक्या गावात एकट्या राहणाऱ्या मुलाचे मन तेथे जितके मोकळेपणाने येते तितके त्या प्रसिद्ध पुस्तकात येत नाही. उपाशी असूनही उपाशी नाही असे भासविणे, मित्राच्या घरी जेवणाची वेळ टाळून जाणे, अशा लहान लहान लाजा त्यांना नेमक्या ठाऊक होत्या, आणि पुढील पालकाची घडण या लाजांतून झाली.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले. मुले वर्गात गेली की त्यांच्या खोल्या झाडणे, विस्कटलेली अंथरुणे आवरणे, मळलेले कपडे धुऊन टाकणे ही कामे त्यांनी केली, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि चरित्रकारांनी वारंवार सांगितले आहे. सेवेचा महिमा म्हणून ते सांगितले जाते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटावी: हे सर्व मुले नसताना होई. परत आल्यावर मुलाला खोली झाडलेली दिसे, झाडणारा दिसत नसे. उपदेश करणारा समोर नसताना झालेला हा उपदेश आहे. 'छात्रालय दैनिक' या हस्तलिखिताची जातही हीच होती. रात्री मुले झोपल्यावर लिहावे आणि सकाळी त्यांच्यासमोर ठेवावे, असा त्याचा परिपाठ होता. छात्रालयातील घडामोडी, कोणाचे चुकले, जगात काय चालले आहे, एखादी गोष्ट, एखादा उतारा असे सर्व त्यात येई.

या दैनिकाकडे शैलीच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. साने गुरुजींच्या गद्याची लहान लहान वाक्ये, तेच क्रियापद पुन्हा पुन्हा आणण्याची सवय, प्रश्न विचारून लगेच उत्तर देण्याची धाटणी, संबोधनांची रेलचेल, या गोष्टींना टीकाकारांनी भाबडेपणाची लक्षणे मानले. त्यांचा उगम या वाचकवर्गात आहे. हा लेखक अनामिक वाचकासाठी लिहावयास शिकलाच नाही. त्याला प्रत्येक वाचक नावाने ठाऊक होता, तो काल रात्री जेवला की नाही हेही ठाऊक होते. वाचक दुसऱ्या दिवशी सकाळी भेटणार असला म्हणजे लेखकाला अवघड वाक्य लिहिता येत नाही, उपरोध तर मुळीच करता येत नाही. ज्याची चूक सांगायची तो मुलगा आपली चूक सर्वांसमोर वाचणार असतो. म्हणून ती इतक्या हळुवारपणे सांगावी लागते की कित्येकदा लिहिणाराच स्वतःकडे दोष घेतो. साने गुरुजींच्या गद्यात निवेदकाने स्वतःला दोष देण्याचे जे प्रमाण आहे (आणि ते पुढे पुढे सहन होईनासे होते हेही खरे), त्याचे मूळ या गृहपतीच्या अडचणीत शोधावे लागते.

१९३० मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि कायदेभंगात उतरून तुरुंग पत्करला. धुळ्याहून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीस झाली. एग्मोर स्थानकातून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवरचे हे गाव. पालगडपासून अमळनेरपर्यंत मराठी मुलुखातच वावरलेल्या या शिक्षकाला येथे परभाषेचा शेजार मिळाला. तेथे ते तमिळ शिकले, आणि तिरुक्कुरळ मराठीत आणण्याचे त्यांचे काम या परिचयाचे फळ आहे. छात्रालयाचा पालक येथे स्वतः परक्यांच्या देखरेखीखालचा झाला, पंक्तीत ताट घेऊन बसणारा झाला. तुरुंग आणि छात्रालय यांची तुलना अनुचित वाटेल; पण घंटा, पंक्ती, रात्रीची हजेरी, परक्यांशी सक्तीचा सहवास, आणि दिवे जाण्यापूर्वीचा गप्पांचा अवधी, हे दोन्हीकडे सारखे आहे.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती टिपून घेणारा श्रोता म्हणजे साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ मराठीला मिळाला तो या टिपण्यामुळे. छात्रालयात जो रोज बोलत होता तो येथे ऐकत होता, आणि बोललेले गद्य कागदावर उतरविताना त्याचे बोलणेपण कसे टिकवावे याचे शिक्षण घेत होता. लगेच पुढच्या वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली.

या पुस्तकाविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुतेक आईविषयी. बेचाळीस रात्रींची चौकट ही केवळ सोय मानली गेली. श्याम आश्रमात आहे, संध्याकाळची प्रार्थना होते, भोवती मित्र जमतात आणि तो एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. आई तर गेलेली आहे. समोर आहेत ते ऐकणारे: गोविंदा, राम, भिका असे सोबती आणि आसपासची माणसे. चौकटीत कोणाला बरे नसते, कोणी उशिरा येतो, कोणी गोष्ट लवकर सुरू करण्याचा हट्ट धरतो. हे सामूहिक जीवन अमळनेरचे छात्रालयच आहे. नाव तेवढे आश्रमाचे. आईची गोष्ट ही त्या समूहाला बांधून ठेवणारी रात्रीची सोय आहे. घरापासून दूर राहणाऱ्यांना घराची गोष्ट सांगून एकत्र ठेवावयाचे, हा त्या पुस्तकाचा रूपबंध आहे. आईच्या मायेने वाढलेल्या मुलाने पुढे पन्नास मुलांची आई व्हावे, एवढाच अर्थ काढणारे वाचन हा दुवा सोडून देते.

पुस्तकातील दोषही या चौकटीतूनच येतो. श्यामचे ऐकणारे फार चांगले आहेत. ते रडतात, गहिवरतात, सांगणाऱ्याच्या मताशी सहमत होतात. त्यांच्यातला एकही जण असे म्हणत नाही की, तुझ्या आईने तुला मारले ते मला पटले नाही. अमळनेरच्या प्रत्यक्ष मुलांनी कधी तोंड वर करून विचारले असेलच. त्या विचारण्याला पुस्तकात जागा झाली नाही. श्यामला म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यावयास त्याची आई सांगते, तो प्रसंग त्या काळाच्या मानाने धीराचा आहे. पण श्रोत्यांत त्या म्हातारीच्या घरचे कोणी बसलेले आहे असा भास त्या रात्रीच्या निवेदनात होत नाही. गोष्ट तिच्याविषयी आहे, तिच्या समोर सांगितलेली नाही. १९५३ च्या अत्र्यांच्या चित्रपटाने आईला अधिकच पुढे आणले, आणि ही ऐकणाऱ्यांची चौकट वाचकांच्या स्मरणातूनही पुसट होत गेली.

'धडपडणारी मुले' ही कादंबरी थेट छात्रालयाची. स्वामी हा तिचा नायक, नामदेव आणि रघुनाथ ही त्याची मुले. कागदोपत्री पाहता या विषयावरील हे मराठीतील प्रमुख पुस्तक ठरावे. वाङ्मयीन दृष्ट्या ते साने गुरुजींच्या दुबळ्या पुस्तकांपैकी आहे. येथे झाडणारा सतत दिसत राहतो. स्वामींची सेवा, स्वामींचे अश्रू, स्वामींचे भाषण यांनी पाने भरतात आणि मुले त्या प्रकाशात केवळ उजळत राहतात. दैनिकाचा लेखक जे न दाखविता करीत होता ते कादंबरीकाराने दाखवून केले. छात्रालयाच्या गद्याला हा धोका नेहमीचा आहे. पालकाने लिहिले की पालक मोठा होतो.

याच खानदेशातला पांडुरंग सांगवीकर तीस वर्षांनी पुण्याच्या वसतिगृहात येतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'वर (१९६३) इतके लिहिले गेले आहे की येथे त्याचा फार विस्तार नको. त्यातील वसतिगृह हे पालक नसलेले घर आहे, एवढेच नोंदवावे. खोल्या आहेत, मेस आहे, गॅदरिंग आहे, मित्र आहेत. पण कोणी परतण्याची वाट पाहणारे नाही. बाप आहे तो पैसे पाठविणारा आणि दूरचा. स्वामींच्या छात्रालयातील प्रत्येक गोष्टीला अर्थ होता; येथे अर्थाची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि ती मोकळीक हेच त्या मुलाचे दुखणे होते. साने गुरुजींच्या पिढीच्या संस्कारवादाला 'कोसला'ने दिलेले उत्तर पुष्कळदा शैलीत शोधले जाते. ते जागेतही आहे.

'बोर्डिंग' या शब्दाचे गद्य याहून वेगळ्या दिशेने आले. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. साल पाहता हे अमळनेरचे समकालीन. येथे सर्व जातींची मुले एकत्र रांधीत, एकत्र जेवीत, शेतात राबत. लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकिकत शाळकरी पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. सोवळ्यात वाढलेल्या या बाईने आपल्या चुलीपाशी सर्व जातींची मुले घेतली, ही त्यामागची अधिक कठीण गोष्ट आहे. दागिना एकदाच द्यावा लागतो, चूल रोज पेटवावी लागते. त्या १९३० मध्ये वारल्या. श्यामच्या आईला बेचाळीस रात्रींचे निवेदन लाभले. साताऱ्याच्या या आईच्या वाट्याला मराठी साहित्यात गौरवलेख आले, तिच्या स्वयंपाकघराचे गद्य आले नाही. (आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' वाचणाऱ्याला कळते की संस्थापकाच्या घरातून, स्वयंपाकाच्या बाजूने, किती रोखठोक मराठी येऊ शकते.)

ते गद्य आले ताटाच्या दुसऱ्या बाजूने. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईचा कावाखाना, अकोले तालुक्यातील गाव आणि शिक्षणासाठी संगमनेर, असा त्यातील प्रवास आहे. संगमनेरच्या बोर्डिंगकडे 'श्यामची आई' नंतर लगेच वळले की दोन्ही पुस्तकांतील एक साम्य ठळकपणे जाणवते. 'बलुतं' हेही ऐकविलेले पुस्तक आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. श्यामभोवती मंडळी होती. दगडूला ऐकणारा एकच, तोही तो स्वतःच, आणि तोही नाखूश. शिकून, पांढरपेशा होऊन, नाव बदलून बसलेल्या माणसाला हा जुना मुलगा गाठतो. या श्रोत्याला रडण्याची सोय नाही, कारण जे सांगितले जात आहे ते लपविण्यात त्याचे आयुष्य गेले आहे. बोर्डिंगने त्याला शिकविले, पोसले आणि त्याच वेळी आपल्या माणसांत परके केले. शिक्षणाने मुलगा घरापासून तुटतो ही जाणीव श्यामलाही होती. पण श्यामला परत जाण्यासाठी निदान आठवणीतले एक निर्मळ घर होते. दगडूला आठवणीतही तसे घर नाही.

त्यामुळे पालकाचे चित्रही बदलते. दलित आत्मकथनांतील बोर्डिंगचा अधीक्षक हा क्वचितच देवमाणूस असतो आणि क्वचितच राक्षस. मुलगा त्याला खालून पाहतो: भाकऱ्या मोजणारा हात, अनुदानाच्या हिशेबाची वही, सुटीत बोर्डिंग बंद होणार तेव्हा जावे कोठे हा प्रश्न. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) किंवा प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये (१९७९) भूक ही भावनेची उपमा नसून दिनक्रमाचा घटक आहे. या पुस्तकांत मायेचा अभाव आहे असे जे वाचक म्हणतात, त्यांनी माया ओळखण्याचे एकच चिन्ह शिकून ठेवलेले असते. ज्याच्यापाशी मोजून चार भाकऱ्या आहेत त्याने न मागता अर्धी अधिक वाढली, तर त्या अर्ध्या भाकरीला अश्रूंची जोड लागत नाही. पुस्तकही ती देत नाही. मराठी गद्यातील संयमाचा हा धडा सौंदर्यवादी समीक्षेने दिलेला नाही, पंक्तीत बसलेल्या मुलाने दिला आहे.

बोर्डिंगमधील समूह पुढे काय करतो, याचे उत्तर औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मिळते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. नागसेनवनाच्या परिसरात मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली मुले प्रथमच एकमेकांना मोठ्या संख्येने भेटली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' या परिसरातून वाढले. 'छात्रालय दैनिक' एकाने पन्नासांसाठी लिहिले होते. येथे पन्नास जण लिहू लागले. दलित साहित्याच्या उदयाची चर्चा करताना विचारप्रणालीला जेवढे श्रेय दिले जाते, त्यातील थोडे या सामायिक खोल्यांना आणि तेथील रात्रीच्या वादांना द्यावयास हरकत नसावी.

श्यामच्या श्रोत्यांत ती म्हातारी बसलेली नव्हती, हा आक्षेप साने गुरुजींना स्वतःलाही जाणवला असावा असे मानण्यास आधार आहे, मात्र तो त्यांच्या कथनात नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. पंक्तीत जेवू घालणारा पालक येथे न जेवण्यास बसला. त्या प्रसंगानंतर त्यांच्या हातून 'श्यामची आई'सारखी मंडळींची चौकट पुन्हा उभी राहिली नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू झाले, आणि त्यातील त्यांच्या अखेरच्या लेखनापैकी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे पुढे 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली. या पत्रांत पाऊस आहे, प्रवास आहे, वर्तमानपत्रातील बातम्या आहेत, फुले आणि पाखरे आहेत. शिकवण्याचा सूर पुष्कळ उतरलेला आहे. छात्रालयातले पन्नास श्रोते कमी होत होत एका मुलीपाशी आले होते, आणि तीही समोर नव्हती, दूर गावी होती. दैनिकासारखीच ही पत्रे वाचणाऱ्याला सकाळी मिळत, लिहिणारा समोर नसे. ११ जून १९५० रोजी ते वारले.